कुरणशाळा : कोसबाडचा एक प्रयोग

पटावर नाव आहे, परंतु मूल वर्गात नाही, हा अनुभव खेड्यातील शिक्षकास नवा नाही. हजेरीपत्रकात खूण केली की शिक्षक पुढील नावाकडे वळतो. त्या खुणेपाशी थांबून तिचे कारण शोधणे हे बालशिक्षणाचा कार्यक्रम चालविणाऱ्याचे पहिले काम होय. ते काम कसे करावे हे अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या कार्यावरून ध्यानी येते.

अनुताई पुण्यात शिक्षिका होत्या. १९४५ साली त्या ताराबाई मोडक यांच्यासमवेत बोर्डी येथील ग्राम बाल शिक्षा केंद्राच्या कामास लागल्या. ताराबाईंना गिजुभाई बधेका यांच्या सहवासात भावनगर येथे बालशिक्षणाचा अनुभव मिळाला होता व नूतन बाल शिक्षण संघाचा पाठिंबा या कार्यास होता. १९५७ साली केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारली आदिवासींचे पाडे विखुरलेले. बालवाडी उघडली म्हणून मुले आपण होऊन येतील, अशी तेथील स्थिती नव्हती. तेव्हा मूल येत नसेल तर बालवाडीनेच त्याच्या अंगणात जावे, असे ठरले. अंगणवाडी ती हीच. महागड्या शैक्षणिक साधनांची वाट न पाहता बिया, शिंपले, पाने व माती यांवर काम भागविले गेले. (साधने नाहीत म्हणून अडलेल्या शाळांनी हे अवश्य पाहावे.)

थोडी मोठी मुले तरीही येईनात. त्यांचा दिवस गुरांमागे जाई. पालकांस दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. गुरे राखण्यास दुसरे कोणी नसते. म्हणून शिक्षकच कुरणावर गेला. गुरे चरत असता मुले झाडाखाली बसत आणि तेथेच वाचन, लेखन, गणित चाले. घरच्या कामाला बाध आला नाही, म्हणून घरच्यांचा विरोधही उरला नाही. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी घरी राहणाऱ्या मुलींची अडचण निराळी होती. तिच्यासाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी योजली गेली. मुलगी भावंडास घेऊनच येई.

या दोन उपायांत कुरणशाळा अधिक कठीण. तेथे वेळापत्रक गुरांच्या चालीवर ठरते, पावसात बैठक मोडते, आणि शिक्षकास खडू-फळ्यापेक्षा पायांवर भरवसा ठेवावा लागतो. कार्यकर्त्यांस नुसते पाठ देणे शिकवून भागत नाही. पाड्यावर जाऊन बोलणे, ऐकणेही शिकवावे लागते. प्रशिक्षणास कोसबाडच्या कामात जे महत्त्व होते ते याचसाठी.

१९७३ साली ताराबाई निवर्तल्यावर कामाची धुरा अनुताईंवर आली. अंगणवाडी हा शब्द २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशभर पोहोचला. कुरणशाळेचा तेवढा प्रसार झाला नाही; तिला लागणारा शिक्षक शासकीय आदेशाने उभा राहत नाही, हे त्याचे एक कारण असावे.