आंबोली घाट : छायाचित्रणाच्या सहलीआधी

ठिकाण : सिंधुदुर्ग जिल्हा. सावंतवाडी–बेळगाव रस्त्यावर, सावंतवाडीपासून सुमारे ३० किमी. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ७०० मीटर. वर्षाकाठी ७,००० मिमीच्या आसपास पाऊस.

हंगाम : जून ते सप्टेंबर धबधबे, धुके आणि उभयचर. नोव्हेंबरनंतर हवा स्वच्छ, दूरच्या डोंगररांगा स्पष्ट.

वन्यजीव : ‘आंबोली टोड’ या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झाले, ती अतिसंकटग्रस्त आहे. जांभ्याच्या सड्यावर पहिल्या पावसाने साचलेल्या उथळ डबक्यांत तिची अंडी असतात, त्यामुळे सड्यावर पाऊल जपून टाकावे लागते. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचे घरटे करतो. पिल्ले थेट खालच्या पाण्यात पडतात. मलबारी चापडा हा साप विषारी, फांदीवर तासन्‌तास निश्चल. हिरवा, पिवळा, तपकिरी अशा अनेक रंगांत आढळतो.

हिरण्यकेशी : नदीचा उगम. येथील ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ माशाची नोंद २०२० ची. २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळाचा दर्जा.

साहित्य : बेडूक-सापांसाठी ९० ते १०५ मिमी मॅक्रो लेन्स. धबधब्याचे पाणी रेशमी दिसण्यासाठी पाव ते एक सेकंद शटर आणि ट्रायपॉड. वातानुकूलित गाडीतून बाहेर काढताच लेन्सवर बाष्प धरते. कॅमेरा बॅगेतच ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा लागतो.

रस्ता : पावसाळी रात्री बेडूक डांबरावर येतात आणि चाकांखाली मरतात, वेग कमीच हवा. दरडींचा धोका असल्याने वळणावर किंवा कड्याखाली गाडी थांबवू नये.