गवत सुकलं, पण पावसामुळेच का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक ग्राफ काढला होता. एका अक्षावर पाऊस, दुसऱ्यावर उपग्रहाने टिपलेली शेतांची हिरवळ. रेषा इतकी छान आली की स्लाइड्सही तयार केल्या. गाइडनी एकच विचारलं, "या शेतांना पाणी कुठून येतं?" बघितलं तर अर्धी शेतं कालव्याखालची. सहा महिन्यांचं काम परत करावं लागलं.

ही चूक कुणाला समजावताना मी आता डेअरी क्रीकचं उदाहरण देते. कॅलिफोर्नियात सॅन लुइस ओबिस्पो आणि मोरो बे या गावांच्या मधे काउंटीचा हा सार्वजनिक गोल्फ कोर्स आहे. समुद्र जवळ, आजूबाजूला चढउताराच्या टेकड्या आणि ओकची झाडं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा जवळजवळ कोरडा. म्हणजे आपल्या अगदी उलट. त्यामुळे टेकड्यांवरचं रानगवत दर उन्हाळ्यात वाळतंच. हिरवे राहतात ते सदाहरित लाइव्ह ओक आणि खेळाची हिरवळ. ओक खोल मुळांच्या जोरावर उन्हाळा काढतो. उलट त्या दिवसांत बुंध्याशी सतत पाणी दिलं, तर आर्मिलेरिया नावाची बुरशी त्याची मुळं कुजवू शकते. खेळाच्या गवताचं मात्र सगळं पाइपवर.

आता समजा, इथल्या हिरवळीचे दहा वर्षांचे आकडे तुमच्या हातात आहेत. २०१२ ते २०१६ कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ होता. त्या काळात गवत खराब झालेलं दिसलं की आपण लगेच लिहून मोकळे: पाऊस कमी, म्हणून गवत कमी.

पण तो पाइप येतो जवळच्या तुरुंगातून! कॅलिफोर्निया मेन्स कॉलनीचं सांडपाणी शुद्ध करून या कोर्सला दिलं जातं. मे २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या तुरुंगांमधली गर्दी कमी करण्याचा आदेश कायम ठेवला, आणि ऑक्टोबरपासून किरकोळ गुन्ह्यांचे नवे कैदी काउंटीकडे ठेवायचा कायदा लागू झाला. कैदी कमी, सांडपाणी कमी, गवताला पाणी कमी. वर दुष्काळामुळे तुरुंगातही पाणी जपून वापरायचं. म्हणजे पाऊसही गवतापर्यंत पोचला, पण नळ आणि संडासाच्या वाटेने.

दोन कारणं एकाच वेळी बदलली की एका जागेचा ग्राफ कितीही सुंदर आला तरी ती सुटी होत नाहीत. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात. इथे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर फार कामाला येत नाही, तुलना बदलावी लागते. पाऊस तोच पण पाण्याचा स्रोत वेगळा, असा त्याच भागातला दुसरा कोर्स घ्यायचा. शिवाय तुरुंगातून दर महिन्याला किती पाणी आलं, ते आकडे मागवायचे. (हे काम कंटाळवाणं आहे, आणि प्रपोजलच्या वेळापत्रकात कुणीच धरत नाही.)

ओकचे पिक्सेल मी आधीच बाजूला काढीन. गवत सुकलं तरी ते हिरवेच दिसणार, आणि सरासरीत मिसळले तर नुकसान कमी दाखवणार.