हिरवा दिवा, मंद तार

स्मरणिकेसाठी लेख मागितला की आम्ही डॉक्टरमंडळी बहुधा लसीकरणावर लिहितो. यंदा मात्र एका निराळ्याच रुग्णाविषयी लिहिण्याची परवानगी संपादक मंडळाने द्यावी. माझ्या डिचोलीच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या फडताळात त्याचे वास्तव्य आहे. हा रुग्ण म्हणजे आठ पोर्टांचा नेटवर्क स्विच.

दवाखाना खाली आणि घर वर. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय धड पोहोचत नाही, म्हणून सर्वत्र केबल ओढून घेतली आहे. एक्स-रे यंत्राचा संगणक, माझ्या टेबलावरचा संगणक आणि वरची अभ्यासिका हे सारे त्या स्विचला जोडलेले. एका जूनमध्ये वीज कडाडली आणि जुना स्विच निकामी झाला. नवा बसविला, हिरवे दिवे लागले. जोडणाऱ्या मुलाने "दोतोर, लायट पेटता, म्हणजे वायर बरी" असे निदान करून निरोप घेतला.

त्यानंतर एक्स-रे माझ्या टेबलावर यायला मिनिटे लागू लागली. मी इंटरनेट पुरविणाऱ्यांना बोल लावला आणि महागडा प्लॅन घेतला. फरक शून्य. पडणार तरी कसा? शेजारच्या खोलीतून येणारे चित्र इंटरनेटच्या वाटेला जातच नाही! तपासणीपूर्वी औषध लिहिण्याचा जो प्रमाद मी कनिष्ठ सहकाऱ्यांना कधी माफ केला नसता, तो माझ्याच हातून घडला होता.

अशातच एका संध्याकाळी पेडण्याहून दीड वर्षाचे मूल आले. शेंगदाणा खाताना ठसका लागलेला, एका बाजूचा श्वास क्षीण. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. श्वास सोडतानाच्या चित्रात एक फुफ्फुस फुगलेलेच राहिले, तर ती खूण. पडद्यावरची पट्टी पुढे सरकेना. अखेर उठून यंत्रावरच चित्र पाहिले आणि मुलाला बांबोळीला रवाना केले. ब्राँकोस्कोपीने दाणा निघाला, मूल सुखरूप घरी गेले. मी मात्र त्या रात्री फडताळासमोर स्टूल टाकून बसलो.

प्रथम इतिहास. आजार केव्हापासून? स्विच बदलल्यापासून. तक्रार कोणाची? फक्त एक्स-रे संगणकाची; अभ्यासिकेत सारे सुरळीत. मग पिंग करून पाहिले. उत्तर तात्काळ आले, म्हणजे नाडी उत्तम. मोठी फाईल पाठविताच दम लागला. हृदयविकाराचे तान्हे बाळ निजलेले असताना शांत दिसते, पण दूध ओढू लागले की घामाघूम होते. आपण मातेला स्तनपानाविषयी विचारतो ते याचसाठी. येथेही भार टाकल्यावाचून व्याधी दिसत नव्हती.

त्याच केबलला, त्याच पोर्टवर लॅपटॉप जोडला. फाईल झरझर गेली. केबल आणि स्विच दोन्ही निर्दोष ठरले. संशयित उरला तो एक्स-रे संगणकच.

त्याच्या नेटवर्क कार्डात वेग '१०० मेगाबिट, फुल डुप्लेक्स' असा हाताने पक्का केलेला होता. जुन्या स्विचच्या त्या पोर्टवरही तसेच ठरविलेले असल्याने वर्षानुवर्षे बिनबोभाट चालले. नवा स्विच मात्र समोरच्याशी वाटाघाट करून वेग ठरविणारा. हाताने पक्का केलेला संगणक या वाटाघाटीत भागच घेत नाही. तेव्हा स्विच समोरच्या संकेतावरून वेग ओळखतो, परंतु एकाच वेळी बोलता-ऐकता येईल की नाही हे त्याला कळत नाही. नियमाने तो 'हाफ डुप्लेक्स' धरतो. एक बाजू वाटेल तेव्हा बोलते, दुसरी ती टक्कर मानून मध्येच थांबते. तुटलेले तुकडे पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. दिवा मात्र हिरवाच! हाफ डुप्लेक्स हा १९७३ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या इथरनेटचा वारसा; तेव्हा एकाच सामाईक तारेवर सर्वांना पाळीने बोलावे लागे.

यंत्राच्या अभियंत्याला बोलावून ते कार्ड 'ऑटो'वर ठेवविले. पंधरा मेगाबाइटचे चित्र आता दोनएक सेकंदांत येते. महागडा प्लॅन रद्द केला, हे सांगायला नकोच.

ही कथा ऐकून पेडण्याच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्या एका सहकाऱ्याने मला 'व्हिजिट'ला बोलाविले. त्यांच्याकडे स्विच गिगाबिटचा, पण वेग ९४ मेगाबिटांच्या वर जाईना. हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तो दिसला की जोडणी १०० वर अडकली असे समजावे. १०० मेगाबिटला केबलमधील चारांपैकी दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी जोडी निकामी झाली की बहुतेक उपकरणे मुकाट्याने खालच्या वेगावर उतरतात. खारी हवा खाऊन कनेक्टरच्या पितळी दातांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. दोन्ही टोके छाटून नवे कनेक्टर बसविले. नवी केबल घेणाऱ्यांनी ती निखळ तांब्याची आहे ना, हे अवश्य पाहावे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल बाजारात सर्रास मिळते आणि तिचे टोक वाकविताच तुटते.

माझ्या फडताळाच्या दारावर आता एक केसपेपर चिकटविला आहे. कोणत्या पोर्टला काय जोडले, कोणता वेग दिसला, तारीख काय. दर पावसाळ्याआधी कंपाउंडर तो भरतो आणि मी सही करतो.