बहुहोडकी नौकेवरील जंक शीड
जंक शीड हा चिनी जहाजांवरील पारंपरिक शीडप्रकार आहे. आडव्या पट्ट्यांमुळे त्याचे कप्पे पडतात. वारा वाढल्यास दोर सैल सोडताच खालचे कप्पे घडी होऊन बसतात. ब्रिटिश नाविक ब्लाँडी हॅस्लर यांनी १९६० मध्ये जंक शिडाच्या ‘जेस्टर’मधून एकट्याने ४८ दिवसांत अटलांटिक महासागर पार केला.

कोकणातील उलांडीच्या होडीप्रमाणे बहुहोडकी नौकाही वाऱ्याने फारशी कलत नाही. त्यामुळे डोलकाठीवर अधिक ताण येतो. जंक शिडाची डोलकाठी बहुधा ताणदोरांविना उभी असते. म्हणून असे शीड बसवताना ती अधिक मजबूत करून तिचा बुंधा खोल रोवावा लागतो. ट्रायमरानमध्ये ती मधल्या होडक्यात रोवतात. कॅटामरानमध्ये मधले होडकेच नसल्याने काही वेळा दोन्ही होडक्यांत एकेक डोलकाठी उभारतात.