बोलतो तर भरपूर, मग अडतं कुठे?

सहा वर्षांचा मुलगा. चर्चगेटपासून विरारपर्यंतची स्टेशनं न चुकता म्हणतो. ‘पाणी देतोस का?’ विचारलं की ‘हो’ म्हणतो आणि जागचा हलत नाही. आजी म्हणते, ‘पोपटासारखा बोलतो की! त्याला कसली आलीय भाषेची अडचण?’

हा सगळ्यात मोठा गैरसमज. शब्द आणि व्याकरण येणं वेगळं, त्यांचा माणसांत वापर करता येणं वेगळं. चित्र दाखवून नाव विचारणाऱ्या चाचणीत हा मुलगा उत्तम गुण मिळवेल. त्याचं अडतं ते समोरच्याचा हेतू ओळखताना, आपली पाळी येईपर्यंत थांबताना. स्वमग्न मुलांमध्ये ही अडचण हमखास दिसते.

ती मोजता यावी म्हणून ब्रिटनच्या मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांनी १९९८ मध्ये ‘चिल्ड्रन्स कम्युनिकेशन चेकलिस्ट’ मांडली. २००३ मधली तिची दुसरी आवृत्ती ४ ते १६ वर्षांच्या, वाक्यांत बोलणाऱ्या मुलांसाठी आहे. त्यातल्या ७० विधानांपैकी ५० अडचणींची आणि २० जमणाऱ्या गोष्टींची. उच्चार आणि वाक्यरचनेबरोबरच संदर्भ ओळखणं, हावभाव, तेच तेच बोलणं, मैत्री हेही त्यात येतं.

ती भरतात आईवडील. ‘आईचं काय, तिला आपलं मूल हुशारच वाटणार,’ असं पुष्कळदा ऐकू येतं. पण इथे आईचं मत कुणी विचारतच नाही. अमुक गोष्ट आठवड्यातून एकदाही होत नाही, की दिवसातून अनेकदा होते, एवढंच विचारतात. अनोळखी खोलीतल्या तासाभरात जे दिसत नाही, ते तिने रोज जेवणाच्या ताटावर पाहिलेलं असतं. तिची ही नजर तपासणीत मोलाची धरली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

मात्र आलेला आकडा म्हणजे निदान नव्हे. स्वमग्नता नसलेल्या, ऐकू नीट येणाऱ्या मुलांनाही भाषाविकासाचा विकार असू शकतो. दोन्ही गटांचे गुण एकमेकांत मिसळतात. आपल्याकडे स्वमग्नतेसाठी वापरली जाणारी ‘इसा’ ही ४० मुद्द्यांची मापनश्रेणी सहा भागांची आहे; भाषा हा त्यातला एकच भाग. तिच्यावरून भाषेचं पूर्ण चित्र मिळत नाही.

घरात दोन भाषा असल्याने हे विकार होत नाहीत. मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोलायचा सल्ला मुलापासून त्याची आजी तोडतो, आणि मिळत काहीच नाही. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. इंग्रजी प्रश्नावलीचा नुसता अनुवादही पुरत नाही. ‘तो आला, ती आली, ते आलं’ यात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. इंग्रजीत तसं होत नाही. त्यामुळे मराठी मूल कुठे चुकतं हे पाहायला मराठी मुलांचेच निकष हवेत.

वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी श्रवणचाचणी करून घ्या. आठवडाभर एक वही ठेवा: मूल कुणाशी, कोणत्या भाषेत, नेमकं काय बोललं, आणि त्याआधी त्याला काय विचारलं होतं. वाक्य दुरुस्त न करता, जसंच्या तसं लिहा.