‘वयोमानानं होणारच!’ याच्या पुढचा प्रश्न

इगतपुरी तालुक्यात पाऊस धो धो आणि भाताची आवणी चिखलात, दिवसभर वाकून. अशी आयुष्यभर कंबर झिजवलेली पिढी आता सत्तरीत आहे. बाजाराला घोटीत आलं की जाता जाता दवाखानाही होतो. तक्रार ठरलेली: गुडघे धरलेत, चालताना तोल जातो. उत्तरही ठरलेलं: ‘वयोमानानं होणारच.’ या वाक्यापाशी तपासणी संपते. वृद्धसेवेचं प्रशिक्षण खरं तर तिथूनच सुरू व्हायला हवं.

म्हातारपणी लक्षणं बदलतात. न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. त्याऐवजी कालपर्यंत नीट बोलणारी आजी एकाएकी असंबद्ध बोलू लागते. हृदयविकाराच्या झटक्यात कधी छातीत न दुखता नुसता दम लागतो. मूत्रपिंडं मंदावल्यानं औषध शरीरात जास्त वेळ राहतं, आणि गुडघ्यांसाठी रोज घेतलेली वेदनाशामक गोळी त्याच मूत्रपिंडांना आणखी इजा करू शकते. एका गोळीचा त्रास आवरायला दुसरी सुरू झालेली असते. म्हणून गोळ्यांची सगळी पिशवी टेबलावर ओतून पाहणं हा वृद्धसेवेतला प्राथमिक धडा.

दुसरा धडा चालण्याचा. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. यंत्र लागत नाही, घड्याळ पुरतं.

वृद्धसेवा आपल्याकडे नवी नाही. चेन्नईत डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला तो १९७८मध्ये. २०१०-११पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची ओपीडी आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे गृहभेटी अशी रचना आहे. २०१९च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वार्धक्यवैद्यक हा स्वतंत्र घटक आला. विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा, हा नियमही पुढे आला. घोटीजवळ धामणगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच. त्यामुळे पुस्तकातला रुग्ण इथे शेजारच्या वाडीत भेटतो.

मात्र या विषयाचे तज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला मिळणार नाहीत. भिस्त राहणार ती नर्स आणि आशाताईंवर. आशाताईंच्या तपासणी फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेतच: उभं राहताना तोल जातो का, अंघोळ-जेवणाला मदत लागते का, जवळच्यांची नावं विसरता का? उत्तर ‘हो’ आलं, तर पुढे काय करायचं, कुणाकडे पाठवायचं, हे शिकवलं तरच त्या खुणांना अर्थ.

तोवर आपल्या हाती एवढं आहे. आई-वडिलांना दवाखान्यात नेताना गोळ्यांची सगळी पिशवी सोबत न्या. जडीबुटी, चूर्णंही त्यातच. वर्षभरात ते कधी पडले असतील, तर कुणी विचारायची वाट न बघता सांगा. आणि ‘वयोमानानं होणारच’ असं ऐकलंत, तर विचारा: ‘बरोबर, पण त्यावर करता काय येईल?’