भूल देणारी सुई आणि कपाशीवरची फवारणी

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला भूल देतात हे तुम्हांला माहीत आहे. पण भूल म्हणजे कोणते तरी एकच औषध, अशी पुष्कळांची समजूत असते. पोटाची मोठी शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञाला तीन कामे साधावी लागतात. रुग्णाला झोप लागली पाहिजे, वेदना पोचता कामा नयेत आणि स्नायू सैल पडले पाहिजेत. या तिन्ही कामांची औषधे बहुधा निरनिराळी असतात. यांतल्या तिसऱ्या कामाचे यवतमाळ जिल्ह्यातल्या कपाशीच्या शेताशी फार जवळचे नाते आहे. ते कोणते, हे आपण पायरीपायरीने पाहू.

झोप लागते कशी आणि मोडते कशी?

शिरेतून देण्याचे आज फार वापरले जाणारे औषध म्हणजे प्रोपोफॉल. ते दुधासारखे पांढरे दिसते. कारण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून सोयाबीनच्या तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांत विरघळवून ते देतात. हाताच्या शिरेत टोचले, की रक्ताबरोबर हृदय, फुप्फुसे, पुन्हा हृदय असा प्रवास करून ते मेंदूत पोचते आणि मिनिटाच्या आत रुग्णाची शुद्ध हरपते. मेंदूतल्या पेशींना 'थांबा' असा निरोप देणारे गॅबा नावाचे एक रसायन असते. प्रोपोफॉल त्या निरोपाचा जोर वाढवते. १९३४ पासून वापरात आलेले थायोपेंटोन हेही असेच काम करते.

एकदाच टोचले तर पाच-दहा मिनिटांत रुग्ण जागा होऊ लागतो. एवढ्यात औषध नष्ट झाले काय? नाही. नळाजवळ एक लहान भांडे आहे आणि ते एका मोठ्या हौदाला नळीने जोडले आहे, अशी कल्पना करा. पाणी आधी लहान भांड्यात चढते, मग हळूहळू हौदाकडे जाते आणि लहान भांड्यातली पातळी उतरते. मेंदूला रक्ताचा पुरवठा भरपूर, म्हणून तो लहान भांडे. स्नायू आणि चरबी हा हौद. मेंदूतली पातळी उतरली, की जाग येते. म्हणूनच लांबलेल्या शस्त्रक्रियेत औषधाची धार चालू ठेवावी लागते, किंवा हुंगण्याच्या भुलीची जोड द्यावी लागते.

चेता आणि स्नायू यांच्यामधली फट

आता स्नायूंकडे वळू. हात उचलावा असे तुम्ही मनात आणता, तेव्हा चेतातंतूतून विजेचा संदेश धावत येतो. पण तंतू स्नायूला थेट चिकटलेला नसतो. दोहोंमध्ये सुमारे ५० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा वीस हजारावा भाग, एवढी फट असते. ही फट विजेच्या संदेशाला ओलांडता येत नाही. तिथे तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचे रेणू बाहेर पडतात. पलीकडे स्नायूवर 'ग्राही' नावाची जणू कुलपे असतात. ॲसिटिलकोलीन ही त्यांची किल्ली. कुलूप उघडले, की स्नायू आकुंचन पावतो.

पण काम झाल्यावर किल्ली काढून घ्यायला हवी. नाहीतर पुढचा संदेश ओळखायचा कसा? त्यासाठी फटीत एक विकर, म्हणजेच एन्झाइम, तयार असते. त्याचा एकेक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. हे विकर नीट लक्षात ठेवा. पुढची सारी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

बाणावरचे विष

दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीच्या बाणांना क्युरारे नावाचे विष लावत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी बेडकावर प्रयोग करून दाखवले, की या विषानंतर चेतातंतूला चाळवले तर स्नायू हलत नाही, पण स्नायूलाच थेट चाळवले तर तो हलतो. म्हणजे बिघाड दोघांच्या सांध्यात होता. क्युरारेचा रेणू कुलपात शिरतो, पण कुलूप उघडत नाही. नुसता अडकून बसतो आणि खऱ्या किल्लीला जागा देत नाही.

१९४२ मध्ये कॅनडातल्या माँट्रिऑल येथे हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेत क्युरारे वापरले. आजची व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम ही औषधे याच रीतीने काम करतात. अशी औषधे झोप आणत नाहीत आणि वेदनाही थांबवत नाहीत. १९४७ मध्ये अमेरिकेत स्कॉट स्मिथ या डॉक्टरांनी स्वतःवर प्रयोग करवून घेतला, तेव्हा शरीर पूर्ण लुळे पडूनही त्यांना सारे ऐकू येत होते आणि कळत होते. श्वासाचे स्नायूही सैल पडतात, म्हणून यंत्राने किंवा हाताने पिशवी दाबून श्वास चालू ठेवणे हे भूलतज्ज्ञाचे पहिले कर्तव्य ठरते. नागाच्या विषातला एक घटकही याच कुलपात अडकतो. त्यामुळे नागदंशाच्या रुग्णालाही कित्येकदा कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते.

तेच विकर, दोन रूपे

शस्त्रक्रिया संपली, पण स्नायू अजून सैल आहेत. आता काय करावे? भूलतज्ज्ञ निओस्टिग्मिन टोचतो. हे औषध फटीतल्या विकराला थोपवून धरते. मग ॲसिटिलकोलीन तुटत नाही, किल्ल्यांची संख्या वाढते, त्या अडकलेल्या रेणूंना मागे सारतात आणि स्नायू पुन्हा काम करू लागतात. वाढलेल्या ॲसिटिलकोलीनमुळे हृदय मंदावते आणि लाळ सुटते, म्हणून सोबत ॲट्रोपीनसारखे औषध देतात. ॲट्रोपीन धोत्र्यातही असते.

कपाशीवर फवारली जाणारी प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशके नेमके हेच करतात! तीही याच विकराला थोपवतात. मग एक औषध आणि दुसरे विष का? दोन कारणे आहेत. निओस्टिग्मिन मिलिग्रॅममध्ये मोजून देतात आणि तासा-दोन तासांत त्याची पकड सुटते. कीटकनाशक कातडीतून आणि श्वासातून किती गेले याला मोजमाप नसते, आणि त्याची पकड घट्ट असते. काही काळाने ती कायमची होते. मग शरीराला नवे विकर तयार करावे लागते, आणि त्याला दिवस नव्हे, आठवडे लागतात. किल्ल्या साचत राहतात, स्नायू आधी फडफडतात आणि मग एकही नवा संदेश न ओळखता लुळे पडतात.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या सर्वांना एकाच औषधाने बाधा झाली असे नाही. पण वापरातल्या औषधांत ऑर्गनोफॉस्फेट होती. पऱ्हाटी उंच वाढलेली, हवा उष्ण आणि दमट, हातांत मोजे नाहीत, अशा स्थितीत फवारा थेट तोंडावर आणि अंगावर येत होता.

अशा रुग्णाला ॲट्रोपीन देतात. त्याने स्राव आटतात, हृदय सावरते. पण स्नायूंवरच्या कुलपांवर त्याचा परिणाम होत नाही. विकराची सुटका करण्यासाठी प्रॅलिडॉक्झिम हे औषध आहे, मात्र पकड कायमची होण्याआधी ते द्यावे लागते. बरा वाटणारा रुग्ण एक ते चार दिवसांत पुन्हा लुळा पडू शकतो आणि श्वास अडतो, हे १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिले. म्हणून घरी नेण्याची घाई करू नये.

झरी जामणीसारख्या पैनगंगेकाठच्या तालुक्यातून वणी किंवा यवतमाळ गाठायला वेळ लागतो. तो वेळ वाचवणे तुमच्या हाती आहे. फवारणारा माणूस घामाने चिंब झाला, लाळ गळू लागली, बुबुळे टाचणीच्या टोकाएवढी झाली, स्नायू फडफडू लागले, छाती आवळली, तर फवारणी लगेच थांबवा. त्याचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा. तुमच्या हातांना औषध लागणार नाही याची काळजी घ्या. शुद्ध कमी असेल तर कुशीवर निजवा, घरगुती काढे पाजू नका आणि १०८ ला फोन करा. सोबत औषधाची बाटली किंवा तिची चिठ्ठी अवश्य न्या. आत कोणते रसायन होते हे कळले, की त्या अरुंद फटीत काय चालले आहे याचा अंदाज डॉक्टरांना लगेच येतो.